माहिती पुरेशी असूनही कादंबरी अडते तेव्हा

“माझा अभ्यास अजून पूर्ण झालेला नाही, म्हणून कादंबरी पुढे जात नाही,” ही चिंता माझ्याकडे अनेक जण मांडतात, विशेषतः निवृत्तीनंतर लिहू लागलेले. अशा वेळी लेखनाच्या तंत्राविषयी बोलण्याआधी मी एकच गोष्ट विचारते: कोणता प्रसंग लिहायचा तुम्ही टाळत आहात?

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक अनुभव सांगते. घणसोली परिसरातील एका निवृत्त शिक्षिकेला आपल्या आगरी कुटुंबावर कादंबरी लिहायची होती. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली, त्यासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादित करण्याचे ठरले, भातशेती आणि मिठागरे गेली. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील, उरणजवळच्या जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांना प्राण गमवावे लागले, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना आली. हा सारा काळ त्यांना कथेत आणायचा होता. कात्रणे, सातबाऱ्याचे जुने उतारे, गावातील वडीलधाऱ्यांच्या मुलाखती असे सगळे त्यांच्याजवळ होते. लेखन मात्र पहिल्या दोन प्रकरणांतच फिरत होते.

त्यांनी कथानक सांगितले तेव्हा मला एक गाळलेली जागा जाणवली. मोबदला आला, असे सांगून त्या थेट नव्या घराच्या वास्तुशांतीकडे वळल्या. मधल्या काळाविषयी विचारल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, “मॅडम, त्याच वेळी आत्याने हक्कसोडपत्रावर, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही केली. बाबांनीच करायला लावली.” मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क देणाऱ्या वारसा कायद्यातील १९९४ आणि २००५ च्या दुरुस्त्या त्या इतक्या चिकाटीने का वाचत होत्या, हे मला तेव्हा उमगले. आत्या हयात होती आणि वडिलांविषयी त्यांच्या मनात अपार माया होती. ही अडचण खरी होती, फक्त तिला त्यांनी माहितीच्या उणिवेचे नाव दिले होते.

मी त्यांना म्हटले, “बाई, सहीचा प्रसंग आधी लिहा. क्रमाने लिहिण्याची सक्ती नाही, आणि हा खर्डा कोणालाही दाखवायचा नाही.” पात्रांचे वास्तवाशी असलेले नाते सैल करण्यासाठी भावंडांची संख्या आणि गावाचे नाव बदलावे, आणि मुख्य म्हणजे कादंबरीतल्या आत्याला खऱ्या आत्याला कधीच नसलेली एखादी इच्छा द्यावी, असेही सुचवले. त्यांनी तिला शिलाईचे दुकान काढण्याची इच्छा दिली. तेव्हापासून ते पात्र स्वतःच्या पायांवर उभे राहिले, कारण आता सही करताना तिच्या हातून नेमके काय जात आहे, हे वाचकाला दिसणार होते.

माहितीसाठी आम्ही एका कागदावर दोन रकाने आखले: एकात सार्वजनिक घटना, दुसऱ्यात त्या वर्षीचे पात्राचे वय. १९६२ मध्ये जन्मलेली मुलगी १९७० मध्ये ८ वर्षांची आणि जासईच्या वेळी सुमारे २२ वर्षांची असेल. त्या वयात तिच्या कानावर जेवढे येईल, तेवढेच त्या प्रकरणात यावे. भूसंपादनाचा सगळा इतिहास तिच्या तोंडी घातला, तर प्रसंगाचे निवेदनपत्र होते. लिहिताना एखादी तारीख किंवा दर आठवला नाही, तर तिथे फुली मारून पुढे जायचे आणि खर्डा संपल्यावर फक्त त्या फुल्यांपुरता शोध घ्यायचा, असे ठरले. रोज सकाळी, फोन हाती घेण्यापूर्वी, अर्धा तास लिहायचे. आणि मागे वळून पहिले प्रकरण दुरुस्त करायचे नाही. हा शेवटचा नियम त्यांना सर्वांत जड गेला, पण खर्डा त्यामुळेच पुढे सरकला असे माझे मत आहे.

कादंबरी आत्याला वाचायला द्यावी का, हा प्रश्न अजून बाकी आहे. त्याचा विचार पूर्ण खर्डा हातात आल्यावर करावा, असे मी त्यांना सांगितले आहे. आज घेतलेला निर्णय अजून न लिहिलेल्या प्रकरणांवर दडपण आणेल.