टाचेला हात लागू न देणारा मुलगा

आपण विचारले आहे की, तिसाव्या आठवड्यात जन्मलेला आणि पाच आठवडे काचेच्या पेटीत राहिलेला आपला मुलगा आज सात वर्षांचा असूनही मोजा घालताना टाच का आखडून घेतो, रक्ततपासणीचे नाव काढताच का बिथरतो, आणि याचा त्या वेळच्या सुयांशी संबंध असू शकतो का. असू शकतो. मात्र 'हे त्या टोचण्यांमुळेच' असे एखाद्या मुलाबाबत कोणी छातीठोकपणे सांगू लागले, तर माझा त्यावर विश्वास बसणार नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी इंदुरातच एका नवजात कक्षात परिचारिका म्हणून रुजू झाले, तेव्हा 'बाळाला कुठे काय कळतंय?' हे वाक्य सर्रास ऐकू येई. रक्त घेण्यासाठी टाच मुठीत धरायची, टोचायचे, थेंब आला नाही तर दाबायचे आणि तरीही नाही आला तर शेजारी पुन्हा टोचायचे, असा परिपाठ होता. रडून रडून गप्प झालेल्या बाळाला आम्ही 'शांत झाले' म्हणत असू. ते थकलेले असे, हे फार उशिरा उमगले.

हा समज मोडून काढणाऱ्यांत अग्रणी असलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद आपल्याच इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. शस्त्रक्रियेच्या वेळी पुरेशी वेदनाशामक औषधे मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये ताणाची संप्रेरके कमी वाढतात आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते, हे त्यांनी ऑक्सफर्डमध्ये दाखवले. तो अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला.

आता टाचेविषयी. मेंदूकडून खाली येऊन वेदनेला लगाम घालणारी यंत्रणा अपुऱ्या दिवसांच्या बाळात पुरती तयार झालेली नसते, त्यामुळे साधा स्पर्श आणि टोच यांतील सीमारेषाही पुसट असते. वारंवार टोचलेली टाच हलक्या स्पर्शालाही झटकली जाते आणि बधिरतेचे मलम लावल्यास ही अतिसंवेदनशीलता ओसरते, हे लंडनच्या संशोधकांनी १९८९ मध्येच नोंदवले होते. टोरांटोमध्ये १९९७ साली ८७ मुलग्यांच्या पाहणीत, जन्मानंतर भूल न देता सुंता झालेली बाळे चौथ्या-सहाव्या महिन्यातील लशीच्या वेळी अधिक आक्रंदताना दिसली. बधिरतेचे मलम लावून सुंता झालेली बाळे ही आणि सुंता न झालेली यांच्या मधोमध राहिली. स्मरणात काहीही नसताना शरीराने मात्र नोंद ठेवली होती. पुढे शालेय वयात चित्र सरळ राहत नाही: अपुऱ्या दिवसांच्या काही मुलांना उष्ण-थंड उशिरा जाणवते, पण वेदना रेंगाळली की ती इतरांहून अधिक तीव्र होत जाते. म्हणून गुडघा फुटल्यावर न रडणारा मुलगा सुईला घाबरला, तर त्याला नाटकी ठरवू नये.

आपण स्वतःला दोष देता, ते मात्र मला पटत नाही. त्या सुयांवाचून तो जगला नसता. शिवाय रोज त्याला छातीशी धरून बसत होता, असे आपणच लिहिले आहे. आईच्या उघड्या त्वचेचा स्पर्श आणि अंगावरचे दूध यांनी बाळाची टोचण्याची वेदना कमी होते, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

पुढच्या तपासणीपूर्वी डॉक्टरांना विचारून लिग्नोकेन-प्रिलोकेनचे बधिरतेचे मलम कोपराच्या लवणीत तासभर आधी लावून वरून झाकून ठेवा. 'काही दुखणार नाही' असे म्हणू नका. त्याला आडवे दाबून धरू देऊ नका. मांडीवर घ्या, साबणाचे फुगे फुंकायला द्या आणि कोणता हात पुढे करायचा, ते त्यालाच ठरवू द्या.