छतावरची काच आणि सात वर्षांचा हप्ता

आपल्या पत्रातील प्रश्न थोडक्यात असा आहे. छत्रपती संभाजीनगरला राहणाऱ्या आपल्या कुटुंबात दोघांचे मिळून दरमहा १,१५,००० रुपये हाती येतात, त्यातून २४,००० रुपये घरकर्जाच्या हप्त्याला जातात आणि गाडीसाठी आपण ५ लाख रुपये बाजूला काढले आहेत. एकाच पेट्रोल गाडीचे साध्या छताचे व्हेरियंट ऑन-रोड, म्हणजे आरटीओ कर आणि विमा धरून, १४ लाख ४० हजारांना, तर पॅनोरॅमिक सनरूफचे, म्हणजे छतावर मोठी उघडणारी काच असलेले, १६ लाख २५ हजारांना मिळते. सातवीत गेलेल्या मुलीला सनरूफ हवे आहे, आणि शोरूममध्ये आपल्याला सांगण्यात आले की सात वर्षांचे कर्ज घेतल्यास मोठ्या व्हेरियंटचा हप्ता उलट कमीच बसेल.

हप्ता कमी बसेल हे खरेच आहे, आणि म्हणूनच ते विधान तपासून पाहायला हवे. ९ टक्के व्याजदर धरला, तर साध्या व्हेरियंटसाठी ९ लाख ४० हजारांचे पाच वर्षांचे कर्ज घेतल्यास हप्ता सुमारे १९,५०० रुपये येतो. सनरूफवाल्यासाठी ११ लाख २५ हजारांचे सात वर्षांचे कर्ज घेतल्यास तो १८,१०० रुपये येतो. मात्र पहिल्या वाटेने आपण बँकेला एकूण ११ लाख ७० हजारांच्या आसपास भराल आणि दुसऱ्या वाटेने १५ लाख २० हजार. किमतीतला १ लाख ८५ हजारांचा फरक अशा रीतीने साडेतीन लाखांवर जातो. त्याहून मला काळजी वाटते ती वेळेची. पाच वर्षांचे कर्ज मुलगी बारावीत जाईल तेव्हा फिटलेले असेल, सात वर्षांचे कर्ज मात्र तिच्या महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाची फी भरतानाही चालूच राहील.

हा फरक केवळ काचेचा नाही. आरटीओ कर आणि विमा वगळून, म्हणजे एक्स-शोरूम, फरक १ लाख ६० हजारांचा आहे आणि आपली गाडी चार मीटरपेक्षा लांब असल्याने तिला ४० टक्के जीएसटी लागतो, म्हणजे त्यातले सुमारे ४५,७०० रुपये कराचेच झाले; त्यावर आरटीओचा १२ टक्के कर आणि थोडा वाढीव विमा. शिवाय सनरूफ सुटे मिळत नाही, त्यासोबत मोठा स्क्रीन, हवेशीर सीट वगैरे गोष्टी येतात. दोन्ही व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅग आहेत असे आपण लिहिले आहे. तसे नसते, तर मी आपल्याला वरचेच व्हेरियंट घ्यायला सांगितले असते.

वापरातली बाजूही सांगायला हवी, कारण विकत घेताना तिचा विचार सहसा होत नाही. सनरूफच्या चौकटीत पाणी थोडे शिरणारच असे गृहीत धरलेले असते. ते कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांमधून गाडीखाली वाहून जाते. माझ्या थोरल्या भावाची गाडी उन्हाळाभर गुलमोहराखाली उभी असे. पहिल्या मोठ्या पावसानंतर समोरच्या काचेशेजारच्या खांबावरचे कापड तपकिरी झाले आणि पायाखालचा गालिचा दाबला की पाणी वर येऊ लागले. मेकॅनिकने सनरूफच्या खाचेतून कुजलेल्या पाकळ्यांचा चिखल बोटाने काढला, नळीत मऊ तार घातली, मग पेलाभर पाणी ओतून ते चाकाजवळ खाली ठिबकते का हे वाकून पाहिले. नळी साफ करण्याचा खर्च किरकोळ होता, परंतु गालिचा आणि त्याखालची वायरिंग यांचा नव्हता, आणि विम्यातून काहीच मिळाले नाही, कारण तुंबलेली नळी हा अपघात नव्हे. मोटर बिघडली तरी नेहमीची पॉलिसी तो खर्च देत नाही. दगड लागून काच फुटली तर मात्र विमा मिळतो, काचेवर घसाराही, म्हणजे जुनेपणामुळे घटलेली किंमत, कापला जात नाही. फक्त रबरी पट्ट्यांवर तो ५० टक्के कापला जातो आणि दावा केल्यामुळे नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी विम्याची सूट, जातो, जो पाच वर्षे दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असतो.

मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत त्या काचेवरचा पडदा आपण बहुधा बंदच ठेवाल. म्हैसमाळच्या पावसाळी घाटात ती उघडी काच मुलीला फार आवडेल, यात मला शंका नाही. फक्त चालत्या गाडीत तिला छतातून बाहेर उभे राहू देऊ नका. दंडापेक्षा एका अचानक ब्रेकची भीती मोठी आहे.

माझा सल्ला असा की आज घ्यायची असेल, तर साध्या छताची गाडी पाच वर्षांच्या कर्जावर घ्यावी. घरकर्ज धरून आपले हप्ते उत्पन्नाच्या ३८ टक्क्यांच्या आत राहतील. आपले यजमान अडीअडचणीसाठी ठेवलेली २ लाखांची मुदत ठेव मोडून सनरूफ घेऊ म्हणतात. तसे कृपया करू नये, घरात दुसरी गंगाजळी नाही.

सनरूफच हवे असेल, तर जुनी गाडी आणखी दहा महिने चालवा आणि दर महिन्याच्या पाच तारखेला १९,५०० रुपये वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. दहा महिन्यांत १ लाख ९५ हजार जमतील, फरक रोखीने भरता येईल आणि कर्ज तेवढेच, पाच वर्षांचेच राहील. दरम्यान किंमत थोडी वाढू शकते, ते धरून चाला. एखाद्या महिन्यात ती रक्कम टाकणे जड गेले, तर तो महिना वहीत नोंदवून ठेवा आणि शोरूममध्ये जाण्यापूर्वी ती वही दोघांनी मिळून वाचा.