अंडरग्रॅडला एकही रिसर्च पेपर नाही, अमेरिकेत मेडिकलला चालेल का?

एका पालकांनी विचारलेला प्रश्न मोठा होता म्हणून आधी तो थोडक्यात: मुलगी न्यू जर्सीत कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला, जीपीए (४ पैकी सरासरी गुण) ३.८, एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) अजून द्यायचाय, सोफोमोर म्हणजे दुसऱ्या वर्षापासून एका बायोलॉजी लॅबमध्ये जाते पण नावावर पब्लिकेशन शून्य. ओळखीतल्या एका मुलाचे दोन पेपर आहेत म्हणून घरात टेन्शन. आणि कुणी कन्सल्टंट पैसे भरले तर तीन महिन्यांत पेपर छापून देतो म्हणतोय, तर भरावेत का.

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. नका भरू. बाकीचं जरा सावकाश.

मी डॉक्टर नाही, अ‍ॅडमिशन कमिटीवरही नाही. मूळचा सांगलीचा, इकडे मिडवेस्टमध्ये एका मेडिकल कॅम्पसवर लॅबमध्ये स्टाफ सायंटिस्ट आहे. प्रीमेड (मेडिकलला जायची तयारी करणारी) पोरं आली की त्यांना पिपेट धरायला शिकवायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडेच येतं, आणि नंतर त्यांच्या शिफारसपत्रासाठी पीआय (लॅबचा प्रमुख) मलाच विचारतो की बाबा हा पोरगा कसा होता, चार ओळी लिहून दे. त्यामुळे पेपर कसा होतो, त्यात पोरांचा वाटा किती असतो आणि पुढे त्याचं काय होतं हे जवळून बघितलंय.

साध्या एमडीसाठी (इकडे एमडी म्हणजे डॉक्टरकीची पहिलीच पदवी) पब्लिकेशन लागत नाही. रिसर्चचा अनुभव बऱ्याच ठिकाणी लागतो, म्हणजे नियमात लिहिलेलं नसतं पण सगळ्यांकडेच असतो त्यामुळे नसला तर दिसून येतो. अनुभव वेगळा आणि छापील पेपर वेगळा, आणि आपले लोक नेमकी इथेच गल्लत करतात. फॉर्म बघितला तरी अंदाज येईल. एएमकॅसमध्ये (एमडीच्या सामायिक अर्जात) कामं आणि उपक्रम यासाठी जास्तीत जास्त १५ एन्ट्री, प्रत्येकीला ७०० कॅरेक्टर, त्यातल्या तीन 'सगळ्यात महत्त्वाच्या' म्हणून निवडायच्या आणि त्या तिघींना आणखी १३२५ कॅरेक्टर मिळतात. त्या १५ मध्ये हॉस्पिटलमधलं काम, व्हॉलंटिअरिंग, डॉक्टरांमागे फिरणं, शिकवणं, नोकरी, खेळ, छंद सगळं बसवायचं असतं. पेपर असेल तर ती एक एन्ट्री. दोन-तीन असले तर पोरं तेही बहुतेक एकाच चौकटीत कोंबतात. आता विचार करा, पूर्ण अर्जात त्या पेपरला जागा केवढी मिळाली. उलट लॅबमधलं दोन वर्षांचं काम तीन महत्त्वाच्यांपैकी एक म्हणून नीट लिहिलं तर दोन हजार कॅरेक्टर मिळतात, आणि वाचणारा तेच वाचतो.

आणि हे सगळं आकड्यांची पायरी चढल्यावर. एमडीला प्रत्यक्ष प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या आसपास आणि एमकॅट ५२८ पैकी ५१२ च्या आसपास असतो. तुमच्या मुलीचा एमकॅट बाकी आहे ना? मग आत्ता जो वेळ आहे तो तिकडे जाऊ दे. ५०३ चा एमकॅट पेपरने झाकला जात नाही, ५१६ वाल्याला पेपर नाही म्हणून सहसा कुणी बाहेर काढत नाही.

मग ही भीती येते कुठून? माझ्या मते रेसिडेन्सीच्या, म्हणजे एमडीनंतर हॉस्पिटलमध्ये होणाऱ्या ट्रेनिंगच्या, आकड्यांमधून. मेडिकलच्या विद्यार्थ्यांची लायसन्ससाठीची स्टेप १ परीक्षा जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास झाली, मार्क गेले, त्यामुळे रेसिडेन्सीवाले निवड करायला दुसरं काहीतरी शोधायला लागले आणि रिसर्चचा भाव वाढला. न्यूरोसर्जरी किंवा प्लास्टिक सर्जरीला मॅच झालेल्या (म्हणजे रेसिडेन्सीची जागा मिळालेल्या) अमेरिकन विद्यार्थ्यांचा रिसर्चचा २०२२ चा सरासरी आकडा २५ च्या वर आहे. पण हा आकडा नुसत्या पेपरांचा नाही हो, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, पोस्टर, प्रेझेंटेशन, पेपर सगळं एकत्र मोजून, एकच काम तीन ठिकाणी पोस्टर म्हणून लावलं तर तीन. हा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि आईवडील म्हणतात बापरे, आमच्या पोरीचा तर शून्य! त्यात भर आपल्याकडून पुण्या-नागपुरातून एमबीबीएस करून रेसिडेन्सीसाठी इकडे येणाऱ्या भाच्या-पुतण्यांची, त्यांना खरंच पेपर जमवावे लागतात, ते फोनवर तेच सांगतात आणि ते त्यांच्यापुरतं बरोबरच आहे. पण तो पुढचा दरवाजा. तुमची मुलगी अजून पहिल्या दरवाज्याशी आहे. (आणि भारतात तर पहिल्या दरवाज्याला याची भानगडच नाही, नीटचे ७२० पैकी मार्क आणले की झालं. आयसीएमआरची एमबीबीएसच्या पोरांसाठी शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे, चांगली आहे, पण ती अ‍ॅडमिशन झाल्यावर.)

आता पेपर होतो कसा ते सांगतो, कारण हे कळलं की अर्धं टेन्शन कमी होईल. पोरगं लॅबमध्ये येतं, आठवड्याला आठ-दहा तास, परीक्षा आल्या की तेही नाही. पहिलं सेमिस्टर ट्रेनिंगमध्ये जातं, सेफ्टीचे कोर्स, उंदरांना हात लावायचा तर त्याच्या परवानग्या. मग जीनोटायपिंग, जेल, वेस्टर्न ब्लॉट असल्या लॅबमधल्या नेहमीच्या चाचण्या, नाहीतर इमेजजे नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून पेशी मोजणं. दुसऱ्या वर्षी कुठे त्याच्या हातचा डेटा विश्वास ठेवण्यासारखा होतो. तो डेटा ज्या पेपरात जाणार तो पोस्टडॉकचा (पीएचडीनंतर लॅबमध्ये काम करणाऱ्या संशोधकाचा), पोस्टडॉक तो तीन-चार वर्षं रेटतोय, मग जर्नलला पाठवला की रिव्ह्यूला दोन-तीन महिने सहज, मग रिव्ह्यूअर म्हणणार आणखी दोन एक्सपेरिमेंट करा, त्याला उंदीर वाढवायचे म्हणजे परत सहा महिने, आणि इतकं करून नाही म्हणाले तर दुसरं जर्नल आणि पहिल्यापासून सुरू. या सगळ्यात मुलीचं ज्युनियर वर्ष कधी संपलं कळतही नाही. शेजारच्या लॅबमध्ये गेलेल्या मुलाला मात्र तिथला पेपर रिव्हिजनला असतानाच लॅबमध्ये जागा मिळाली, त्याने एका उन्हाळ्यात एक फिगर परत करून दिली आणि नाव लागलं. दोघांत हुशार कोण? सांगता येत नाही. पेपर कुणाला मिळतो यात योगायोगाचा भाग इतका मोठा आहे की कमिटीवर बसलेल्या प्राध्यापकांना, जे स्वतः लॅब चालवतात, ते पक्कं माहीत असतं.

नाव कुठे लागलं तेही बघतात. बारा ऑथरांच्या पेपरात सातव्या नंबरला अंडरग्रॅडचं नाव म्हणजे लग्नपत्रिकेत खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं म्हणून बच्चेकंपनीची नावं असतात ना, तसं. हवंहवंसं असतं, खोटं नसतं, पण लग्न त्यांनी ठरवलेलं नाही हे वाचणाऱ्याला माहीत असतं. फर्स्ट ऑथर, म्हणजे पहिलंच नाव, असेल तर मात्र गोष्ट वेगळी, ते दुर्मीळ असतं आणि त्याचं वजन पडतं. पण त्यातही बेसिक सायन्सचा फर्स्ट ऑथर आणि दोन पानांचा केस रिपोर्ट (एखाद्या पेशंटची हकीकत) यातला फरक कळणारे लोक समोर बसलेले असतात.

त्या ओळखीतल्या मुलाचे दोन पेपर कशाचे आहेत मला माहीत नाही. कदाचित खरंच भारी असतील. कदाचित वडिलांच्या ओळखीच्या डॉक्टरकडचा चार्ट रिव्ह्यू असेल, हॉस्पिटलचे जुने रेकॉर्ड उघडून तक्ते भरायचे, त्यालाही कष्ट लागतात पण तो वर्षभरात उरकतो. लॅबवाल्या मुलीची त्याच्याशी तुलना करून तिला जेवायच्या टेबलावर ऐकवू नका एवढंच.

खरा कस लागतो इंटरव्ह्यूत. आमच्या कॅम्पसवर मॉक इंटरव्ह्यू होतात, त्यात मला अधूनमधून बसवतात. एका मुलाच्या अर्जात पेपर होता, बऱ्या जर्नलमध्ये. विचारलं, यात कंट्रोल (तुलनेला ठेवतात तो गट) काय होता? मुलगा गप्प. मग विचारलं तुझ्या फिगरमध्ये वाय अ‍ॅक्सिसवर काय आहे, तर म्हणे ते पोस्टडॉकने केलं. त्याच दिवशी एक मुलगी आली, पेपर नाही, दीड वर्ष एका अँटिबॉडीशी झगडत होती आणि शेवटी ती अँटिबॉडीच चुकीचं प्रोटीन पकडत होती असं निघालं. तिने ते कसं शोधलं, कुठल्या नॉकआउट सँपलवर (ज्यात ते प्रोटीनच नसतं) तपासलं, पीआयला कसं पटवलं हे असं सांगितलं की आम्ही वेळ संपल्यावरही प्रश्न विचारत बसलो. तो सगळा प्रोजेक्ट कचऱ्यात गेला होता बरं का. मला विचाराल तर तिचा अर्ज दहापट वजनदार.

हे सगळं साध्या एमडीबद्दल झालं, आणि शाळेशाळेतही फरक आहे. येलमध्ये एमडीला थीसिस लिहावाच लागतो, ती परंपरा १८३९ पासूनची. ड्यूकमध्ये तिसरं वर्ष रिसर्चचं. क्लीव्हलंड क्लिनिकचा लर्नर प्रोग्रॅम तर पाच वर्षांचा आणि डॉक्टर-संशोधकच घडवायचे म्हणून काढलेला, जेमतेम ३०-३२ मुलं घेतात. अशा ठिकाणी रिसर्च कच्चा असेल तर अवघड, आणि तिथे पेपरवाली मुलंही जास्त भेटतील. उलट बऱ्याच स्टेट स्कूल्सना आपल्या राज्यात राहून प्रायमरी केअर करणारे डॉक्टर हवे असतात, तिथे फ्री क्लिनिकमधले तास जास्त बोलतात. ऑस्टिओपॅथीच्या डीओ कॉलेजांमध्ये (तिथूनही डॉक्टरच होतात, डिग्री वेगळी) रिसर्चवर भर आणखी कमी. तेव्हा मुलगी यादी कशी करते त्यावर उत्तर बदलतं. एएएमसीचं (मेडिकल कॉलेजांची संघटना) एमसार, म्हणजे शाळांच्या माहितीचा ऑनलाइन डेटाबेस, उघडून बघा, पैसे भरून घ्यावं लागतं पण कुठल्या शाळेत आलेल्यांपैकी किती टक्क्यांकडे रिसर्चचा अनुभव होता ते त्यात असतं. अनुभव लिहिलंय, पब्लिकेशन नाही, हेही तिथेच दिसेल.

एमडी-पीएचडी करायचं असेल तर मात्र गणित बदलतं. तिथे दोन जादा निबंध, त्यातला रिसर्चचा निबंध तब्बल १०,००० कॅरेक्टरचा, आणि साधारण आठ वर्षं फी माफ करून वर स्टायपेंड देतात त्यामुळे नीट पारखून घेतात. पूर्ण देशात वर्षाला सातशेच्या आसपासच जागा भरतात. आणि गंमत म्हणजे तिथेसुद्धा पेपर सक्तीचा नाही. लॅबमध्ये सलग किती काळ घालवला आणि पीआयने पत्रात काय लिहिलं यावर सगळं.

आता त्या कन्सल्टंटबद्दल. हा धंदा जोरात आहे, हायस्कूलच्या पोरांनाही पेपर विकतात, प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने २०२३ मध्ये यावर मोठी बातमी केली होती. तीन महिन्यांत छापून येणारा पेपर बहुतेक अशा जर्नलात येतो जिथे रिव्ह्यू नावालाच असतो. पबमेडवर (वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत) सापडत नाही, आणि सापडला तरी नाव बघून जाणकाराच्या कपाळावर आठी पडते. ऑथर कुणाला म्हणायचं याचे आयसीएमजेईचे (वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची समिती) चार निकष आहेत: कामात खरा वाटा, लिहिण्यात किंवा सुधारण्यात हात, अंतिम मसुद्याला मंजुरी, आणि कामाची जबाबदारी. चारही लागतात. पैसे भरणं यात कुठे बसतं? आणि समजा मुलीला इंटरव्ह्यूत त्यावर प्रश्न आला तर ती काय सांगणार? लॅबची दोन वर्षं खरी असताना त्याच्या शेजारी हे खोटं ठेवलं की खऱ्यावरही संशय येतो. तेवढ्या पैशात एमकॅटचा क्लास लावा.

अजून एक, तुम्ही व्हिसाचं काही लिहिलं नाहीत. मुलगी सिटिझन किंवा ग्रीनकार्डवर असेल तर हा पॅरा सोडून द्या. एच-४ (आईवडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून) किंवा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असेल तर पेपरपेक्षा तो प्रश्न कितीतरी मोठा आहे, कारण बरीच सरकारी मेडिकल स्कूल्स इंटरनॅशनल म्हणून अर्जच घेत नाहीत, काही खासगी घेतात पण फीचे पैसे आधी दाखवा म्हणतात. उन्हाळ्यातले एनएसएफ या सरकारी संस्थेचे आरईयू (अंडरग्रॅडसाठीचे रिसर्च) प्रोग्रॅमही सिटिझन-ग्रीनकार्डवाल्यांनाच. आधी कोण घेतं त्याची यादी करा, पेपरचं नंतर बघू.

मुलीने आत्ता काय करावं? पीआयला सरळ विचारावं की माझं काम ज्यात जाणार तो पेपर कुठवर आलाय आणि माझं नाव लागेल का. पोरं लाजतात, विचारत नाहीत, आणि पीआय विसरलेला असतो. कॅम्पसचा अंडरग्रॅड रिसर्च डे असतो स्प्रिंगमध्ये, तिथे पोस्टर लावावं, पोस्टरला एएमकॅसमध्ये वेगळा प्रकार आहे आणि ते तिच्या हातातलं आहे. पेपर 'लिहितोय' असेल तर पब्लिकेशन म्हणून टाकू नये, स्वीकारला गेला असेल तरच. लॅबच्या एन्ट्रीत एका वाक्यात मसुदा चालू आहे म्हणता येतं. अर्ज गेल्यावर पेपर आला तर काही शाळा अपडेट घेतात, काही बिलकुल घेत नाहीत, प्रत्येकीच्या पोर्टलवर बघायचं. आणि यंदाच अर्ज केला पाहिजे असंही नाही, हल्ली निम्म्याहून जास्त मुलं एखादं तरी वर्ष गॅप घेऊन येतात, त्यात लॅब टेकची नोकरी केली तर पगारही मिळतो आणि रखडलेला पेपर त्याच वर्षात बाहेर पडायची शक्यता जास्त.

पत्राचं मात्र आत्ताच. पीआयला आणि जो रोज तिच्याबरोबर बेंचवर उभा असतो त्यालाही मार्चमध्येच सांगून ठेवायला सांगा, सोबत आपण काय काय केलं त्याचं एक पान द्यावं, फसलेल्या एक्सपेरिमेंटसकट. मेमध्ये सगळे एकदम मागायला येतात, आणि मग आम्ही घाईत जे लिहितो ते सगळ्यांना सारखंच असतं.