तबेल्यात कॅमेरा न्यायच्या आधी

हाय, छोट्या दूधधंद्यावरच्या तुझ्या डॉक्युमेंटरीचा ड्राफ्ट वाचला गं. विषय खूप छान घेतलायस, पण ते ड्रोनने ओपनिंग आणि मग म्हातारा शेतकरी आणि मागे बासरी, हे सगळं काढून टाक. छोट्या दूधधंद्याची खरी गोष्ट हिशोबात असते आणि तो हिशोब धारेच्या वेळी डोळ्यांसमोर दिसतो, तिथून सुरू कर.

मुंबईत शूट करायचं तर आरे आहेच, शहरातले तबेले हलवायला 1949 ला ही कॉलनी वसवली. तिथे कमी म्हशींचा एखादा मालक शोध. धार रात्री दोन-तीनला सुरू होते कारण उजाडायच्या आत दूध घरोघरी पोचायला लागतं, म्हणजे पहिली लोकल पकडून काही उपयोग नाही, रात्रीच गोरेगावला उतर आणि तिथेच थांब.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हैस बुजली की पान्हा चोरते. पारडू लावलं, आचळं चोळली की तिच्या अंगात ऑक्सिटोसिन सुटतं आणि दूध खाली उतरतं, पण हा सगळा खेळ काही मिनिटांचाच, तेवढ्यात तू तिच्या डोळ्यावर एलईडी मारलास नाहीतर बूम माइकची काठी तोंडापुढे नाचवलीस तर ती घाबरणार आणि दूध कासेतच राहणार. ते नुकसान मालकाचं. म्हणून सुरुवातीला कॅमेरा बॅगेतच ठेव, नुसती उभी रहा, म्हशींना तुझी सवय होऊ दे. मग तिथल्याच बल्बवर शूट कर, ग्रेन आला तर येऊ दे. आणि आवाज नीट घे प्लीज! रिकाम्या बादलीत पहिली धार पडते तेव्हा कशी चर्र चर्र वाजते, मग फेस चढतो तसा तोच आवाज जाड, मऊ होत जातो, ते सगळं न कापता ठेव.

मालकाला परवडतं का असं विचारू नकोस, कोणीही नाहीच म्हणेल. सरकी पेंडीचं पोतं किती दिवस जातं ते विचार, म्हैस भाकड झाली, म्हणजे दूध द्यायची थांबली, की काय करता ते विचार. मुंबईत बरेच जण हरयाणा-गुजरातकडची ताजी व्यायलेली म्हैस आणतात आणि आटली की विकतात, कारण भाकड जनावर पोसायला इथे जागा पण नाही आणि वैरण पण विकतची. हे ऐकायला त्रास होतो, पण लगेच त्याला व्हिलन करू नकोस.

जमलं तर कोल्हापूरकडच्या एखाद्या गावात पण जाऊन ये, तिथे घरातली बाई तीच भाकड म्हैस पुढच्या वेतापर्यंत सांभाळते. सकाळी कॅन घेऊन दूध सोसायटीत जाते, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) लागतं त्याप्रमाणे रेट, दर दहा दिवसांनी बिल. मशीनमधून स्लिप निघते तेव्हा ती आधी फॅटचा आकडा बघते, तो क्लोजअप मला हवाच आहे. आणि खातं कोणाच्या नावावर आहे ते पण विचार, शेण काढण्यापासून धारेपर्यंत सगळं बाई करते आणि पैसे बऱ्याचदा नवऱ्याच्या नावावर जमा होतात.

आरेतल्या शूटिंगसाठी परवानगीचं लेटर कॉलेजच्या शिक्क्यासकट याच आठवड्यात टाक, त्याला वेळ लागतो. आणि रफ कट झाला की आधी मालकाला दाखव, मग मला पाठव.