मायक्रोसर्व्हिसेसमध्ये एक रिक्वेस्ट कुठून कुठे जाते, हे डोळ्यांना दिसेल असं कसं करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पंधरा-वीस सर्व्हिसेस आहेत, त्या वेगवेगळ्या टीम्सकडे आहेत. विकीवरच्या आकृत्या कधीच जुन्या झाल्या. एखादी रिक्वेस्ट रखडली की ती कुठे अडकली हे शोधायला चार जणांना एकत्र बसवावं लागतं. हा प्रवाह चित्रात दिसावा म्हणून कोणतं टूल घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. शिवाय सर्व्हिस मेश (सर्व्हिसेसमधली वाहतूक सांभाळणारा वेगळा थर) बसवली की हे सगळं आपोआप मिळतं, असं तुमचा एक सहकारी म्हणतो ते खरं का, हेही.

टूल कोणतं, हा यातला सोपा भाग आहे, तो नंतर बघू. आधी चित्र कशाचं हवंय ते ठरवा, कारण ‘रिक्वेस्टचा प्रवाह’ म्हणताना लोकांच्या डोक्यात दोन अगदी वेगळी चित्रं असतात. एक म्हणजे सगळ्या सिस्टिमचा नकाशा: प्रत्येक सर्व्हिस एक गोल आणि कोण कुणाला कॉल करतं त्याचे बाण. दुसरं म्हणजे एकाच रिक्वेस्टचा प्रवास: ती कधी आत आली, कुठे किती वेळ थांबली, कुणाकडून काय घेऊन परतली. मागणी बहुतेकदा पहिल्या चित्राची होते आणि अडचण सुटते दुसऱ्याने. तुम्ही सांगितलेली अडचण तर सरळसरळ दुसऱ्या चित्राची आहे.

नकाशाला किंमत नाही असं नाही. नव्या माणसाला सिस्टिम समजावताना किंवा एखादी जुनी सर्व्हिस बंद करण्याआधी तिच्यावर कोण अवलंबून आहे ते बघताना तोच लागतो. पण तो हजारो रिक्वेस्ट्सची बेरीज असतो, आणि बेरजेत एक गोष्ट हरवते. ‘अ’कडून ‘ब’कडे बाण आहे, ‘ब’कडून ‘क’कडेही आहे, म्हणजे ‘अ’ची रिक्वेस्ट ‘क’पर्यंत जाते असं त्यावरून म्हणता येत नाही. ‘ब’ कदाचित फक्त रात्रीच्या बॅच जॉबसाठीच ‘क’ला कॉल करत असेल. नकाशा बघून असा निष्कर्ष काढला जातो आणि मग नको त्या सर्व्हिसच्या मागे लोक दिवसभर लागतात.

एका रिक्वेस्टचा प्रवास दिसतो तो डिस्ट्रिब्युटेड ट्रेसिंगमुळे. कल्पना साधी आहे. रिक्वेस्ट आत आली की पहिली सर्व्हिस तिला एक ट्रेस आयडी देते. पुढे प्रत्येक कामाचा एक स्पॅन बनतो. स्पॅन म्हणजे एक नोंद: कामाचं नाव, सुरू झाल्याची वेळ, लागलेला वेळ आणि हे काम कुणाच्या सांगण्यावरून झालं, म्हणजे पालक स्पॅनचा आयडी. प्रत्येक सर्व्हिस आपापले स्पॅन एका ठिकाणी पाठवते. ट्रेस आयडी सारखा असलेले स्पॅन गोळा करून पालक-आयडीप्रमाणे लावले की झाड तयार होतं. आकृती कुणी काढत नाही, चालू सिस्टिम ती स्वतःच काढते. म्हणूनच ती विकीवरच्या आकृतीसारखी जुनी होत नाही.

हा आयडी एका सर्व्हिसकडून दुसरीकडे एचटीटीपी हेडरमधून जातो. वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०२० मध्ये त्याचं प्रमाण ठरवलं आणि त्या हेडरचं नाव ‘ट्रेसपेरेंट’. त्यात डॅशने जोडलेले चार भाग असतात: दोन अक्षरी आवृत्ती, मग ३२ हेक्साडेसिमल अक्षरांचा ट्रेस आयडी, मग १६ अक्षरांचा पालक स्पॅनचा आयडी आणि शेवटी दोन अक्षरांचे फ्लॅग्ज, ज्यात ही रिक्वेस्ट नोंदवली जातेय की नाही ते कळतं. सगळा डोलारा या एका ओळीवर उभा आहे.

आता चित्र वाचायचं कसं ते एका उदाहरणात बघू. समजा, ऑर्डर देण्याच्या रिक्वेस्टला १२०० मिलिसेकंद लागतात. ट्रेस उघडला की वॉटरफॉल दिसतो: वर गेटवेची १२०० ची लांब पट्टी, तिच्या आत ऑर्डर सर्व्हिसची ११७० ची, आणि तिच्याखाली एकामागून एक तीन कॉल्स. साठ्याची चौकशी ९०, किंमत काढणं ७६०, पेमेंट २८०. नजर आपोआप ७६० कडे जाते. ती पट्टी उघडली तर आत डेटाबेसच्या ३८ क्वेरीज, प्रत्येकी साधारण १८ मिलिसेकंदांच्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकीखाली एक. ही पायऱ्यांची आकृती ओळखायला शिका. तिचा अर्थ असा की कोड लूपमध्ये एकेका वस्तूसाठी वेगळी क्वेरी मारतोय. यातली एकही क्वेरी ‘स्लो क्वेरी’च्या यादीत येणार नाही, कारण सुटी बघितली तर प्रत्येक क्वेरी चांगलीच आहे. किंमत सर्व्हिसच्या लॉगमध्येही काही वावगं दिसणार नाही. हा दोष फक्त या चित्रात दिसतो, आणि चित्रात तो लपूच शकत नाही.

त्याच ट्रेसमध्ये पेमेंटकडे जरा जवळून बघा. या एका कॉलचे दोन स्पॅन असतात: ऑर्डर सर्व्हिसने नोंदवलेला क्लायंट स्पॅन २८० चा आणि पेमेंट सर्व्हिसने नोंदवलेला सर्व्हर स्पॅन १९० चा. मग मधले ९० मिलिसेकंद गेले कुठे? नेटवर्कवर, नवं कनेक्शन उघडण्यात, टीएलएसच्या (कनेक्शन सुरक्षित करण्याच्या) देवाणघेवाणीत, किंवा कनेक्शन पूलमधून, म्हणजे आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शन्समधून, कनेक्शन मोकळं होण्याची वाट बघण्यात. पेमेंटची टीम म्हणते ‘आमच्याकडे १९०च लागतात’, ऑर्डरची टीम म्हणते ‘तुम्ही २८० घेता’, आणि दोघांचंही खरं असतं. ही जुगलबंदी मी फार वेळा ऐकली आहे. दोन्ही पट्ट्या एकाखाली एक दिसल्या की वाद संपतो आणि काम सुरू होतं.

पट्ट्यांमधल्या रिकाम्या जागाही वाचा. पालक स्पॅन चालू आहे, पण आत कुणीच काही करत नाहीये असं दिसलं, तर एक तर तिथल्या कामाला स्पॅन लावलेला नाही, नाहीतर थ्रेड कशाची तरी वाट बघतोय. आणि दोन कॉल समांतर चालत असतील तर त्यातल्या लहान पट्टीवर मेहनत घेऊ नका. एकूण वेळ मोठी पट्टी ठरवते.

आता खरी मेहनत कुठे आहे ते सांगतो. ट्रेसिंग बसवणं अवघड नाही. जावा, पायथन, नोड आणि डॉटनेटसाठी कोड न बदलता बहुतेक स्पॅन मिळतात. अवघड आहे तो धागा शेवटपर्यंत न तुटू देणं. कुठेतरी हेडर गळतो आणि एका ट्रेसचे दोन तुकडे होतात. कुठलाही एरर येत नाही, फक्त चित्र अर्धवट राहतं. आणि अर्धवट चित्र चित्र नसण्यापेक्षा घातक, कारण ते पूर्णच वाटतं. धागा तुटण्याच्या ठरलेल्या जागा आहेत. कोड काम दुसऱ्या थ्रेड पूलकडे सोपवतो आणि कॉन्टेक्स्ट, म्हणजे चालू ट्रेसची माहिती, मागेच राहतो. एखादा जुना प्रॉक्सी अनोळखी हेडर गाळून टाकतो. एक टीम झिपकिन या जुन्या ट्रेसिंग टूलच्या काळातले ‘बी-थ्री’ हेडर वापरते आणि दुसरी ‘ट्रेसपेरेंट’. यावर बदल पूर्ण होईपर्यंत दोन्ही हेडर वाचायची आणि दोन्ही पाठवायची, अशी सोय ओपनटेलिमेट्रीमध्ये, म्हणजे स्पॅनच्या नोंदी काढणाऱ्या खुल्या टूलमध्ये, आहे.

धागा तुटलाय हे ओळखायची माझी आवडती युक्ती: ज्या ट्रेसचा मूळ स्पॅन एखाद्या आतल्या सर्व्हिसचा आहे, असे ट्रेस शोधा. किंमत सर्व्हिसला बाहेरून थेट कुणी कॉल करत नाही. मग तिच्यापासून सुरू होणारा ट्रेस दिसला तर तिच्या आधी कुणीतरी हेडर गाळलाय. हे रोज मोजा आणि आकडा शून्याकडे न्या. टूलच्या निवडीपेक्षा या आकड्याला मी जास्त महत्त्व देतो.

सर्व्हिस मेशबद्दल: तुमच्या सहकाऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. इस्टिओसारख्या मेशमध्ये सहसा प्रत्येक सर्व्हिसशेजारी एन्व्हॉय हा प्रॉक्सी (येणारी-जाणारी रिक्वेस्ट ज्यातून जाते तो मध्यस्थ) बसतो आणि तो स्पॅन बनवतो, हे खरं. पण आत आलेली कोणती रिक्वेस्ट आणि बाहेर गेलेला कोणता कॉल एकाच कामाचे, हे प्रॉक्सीला कळण्याचा मार्ग नाही. ते फक्त तुमच्या कोडला माहीत असतं. म्हणून आलेले ट्रेस हेडर पुढच्या कॉलवर चढवणं हे मेश असली तरी अ‍ॅप्लिकेशनचंच काम राहतं. नकाशा मात्र मेशमधून छान मिळतो, इस्टिओसोबत किआली हे टूल तोच दाखवतं. सिलियम या नेटवर्किंग प्रकल्पाचं हबल तर ईबीपीएफच्या, म्हणजे लिनक्स कर्नलमध्येच छोटे प्रोग्रॅम चालवण्याच्या सोयीच्या, जोरावर, कोडला हात न लावता, कोण कुणाशी बोलतंय ते दाखवतं. नकाशाच हवा असेल तर तेवढ्यावर भागेल. प्रवास हवा असेल तर नाही.

मेसेज क्यू असेल तर आणखी एक गोष्ट. काफ्का या मेसेजिंग सिस्टिममध्ये ०.११ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, रेकॉर्डला हेडर देता येतात, तेव्हा आयडी त्यातून पाठवा. पण कन्झ्युमर (मेसेज वाचणारी सर्व्हिस) एका दमात शंभर मेसेज उचलत असेल तर त्या कामाचा पालक कोण? शंभर वेगवेगळे ट्रेस. इथे पालक-मूल हे नातं बसत नाही, म्हणून स्पॅन लिंक वापरतात: कामाचा स्वतःचा ट्रेस असतो आणि त्याला शंभर जणांचे दुवे जोडलेले असतात. असिंक्रोनस कामाला ओढूनताणून मूळ रिक्वेस्टच्या झाडात घातलं तर तीन तास लांबीचे ट्रेस दिसू लागतात आणि काहीच वाचता येत नाही.

सॅम्पलिंगचा, म्हणजे कोणते ट्रेस ठेवायचे याचा, निर्णय टाळता येणार नाही, कारण सगळंच साठवणं परवडत नाही. गूगलने २०१० मध्ये डॅपर या आपल्या ट्रेसिंग सिस्टिमबद्दलचा पेपर प्रसिद्ध केला, त्यात १०२४ मधली एक रिक्वेस्ट नोंदवूनही मोठ्या ट्रॅफिकच्या सर्व्हिसेससाठी पुरेशी माहिती मिळते असं दिसलं होतं. पण तुमचं ट्रॅफिक गूगलएवढं नसेल, आणि सुरुवातीलाच नाणं उडवून ठरवलं तर क्वचित येणारी एररची रिक्वेस्ट नेमकी हातची जाते. टेल सॅम्पलिंगमध्ये ट्रेस पूर्ण होईपर्यंत थांबतात, मग एरर असलेले आणि हळू चाललेले सगळे ठेवतात आणि बाकीच्यांतले थोडे. त्याची किंमत मेमरीत मोजावी लागते, आणि एका ट्रेसचे सगळे स्पॅन एकाच कलेक्टरकडे (स्पॅन गोळा करणाऱ्या प्रोग्रॅमकडे) जातील अशी व्यवस्था करावी लागते. एक सावधगिरी: नकाशातले बाणांवरचे आकडे सॅम्पलिंगच्या आधी मोजा. नंतर मोजलेत तर उरलेल्यांत एररचे ट्रेस जास्त असतात आणि सगळी सिस्टिम आजारी दिसते.

आता टूल. नोंदी काढायला ओपनटेलिमेट्री, यात मला शंका नाही. ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे दोन प्रकल्प २०१९ मध्ये एकत्र येऊन ते बनलं, त्यामुळे शोधताना ओपनट्रेसिंगचे धडे सापडले तर ते सोडून द्या. बघायला जेगर घ्या. उबरमध्ये तयार झालेलं हे टूल मोफत आहे, एका कंटेनरमध्ये चालतं, १६६८६ पोर्टवर त्याचं पान उघडतं, आणि दोन ट्रेस शेजारी ठेवून फरक दाखवण्याची सोयही त्यात आहे. ट्विटरमधून २०१२ मध्ये आलेलं झिपकिनही चालेल. तुमच्याकडे ग्राफाना हे डॅशबोर्डचं टूल आधीच असेल तर त्यांचंच टेम्पो सोयीचं पडेल. नोंदी ओपनटेलिमेट्रीच्या असल्या की बघायचं टूल पुढे बदलता येतं, म्हणून यावर फार दिवस घालवू नका.

स्पॅनच्या नावात खरा ऑर्डर नंबर घालू नका, रूटचा साचा (नंबरच्या जागी फक्त खूण असलेला पत्ता) घाला. नाहीतर प्रत्येक ऑर्डरचं वेगळं नाव तयार होतं आणि गट पडत नाहीत. नंबर अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, म्हणजे स्पॅनला जोडलेल्या जादा माहितीत, जाऊ द्या. पासवर्ड, टोकन किंवा ग्राहकाची खासगी माहिती मात्र तिथेही नको, कारण ट्रेस बघणारे बरेच जण असतात.

विकीवरच्या आकृत्या फेकायच्या का? नाही, पण त्यांचं काम बदला. ‘काय व्हायला हवं’ ते हाताने काढलेल्या आकृतीत, ‘काय होतंय’ ते ट्रेसमध्ये. दोन-तीन महत्त्वाच्या प्रवासांचे सीक्वेन्स डायग्रॅम (कोण कुणाला कोणत्या क्रमाने कॉल करतं त्याची आकृती) मर्मेडमध्ये, म्हणजे मजकुरातून आकृती बनवणाऱ्या भाषेत, लिहून कोडच्याच रेपॉझिटरीत ठेवा, म्हणजे कोड बदलताना तेही रिव्ह्यूला येतील. आणि अधूनमधून ते खऱ्या ट्रेसशेजारी ठेवून बघा. ज्या कॉलची कुणालाच कल्पना नव्हती असा एखादा कॉल त्यात हमखास सापडतो.

सुरुवात वीस सर्व्हिसेसपासून करू नका. सर्वात जास्त तक्रारी येतात असा एक प्रवास निवडा, त्याच्या वाटेवरच्या चार-पाच सर्व्हिसेसना ट्रेसिंग लावा आणि धागा सलग होईपर्यंत दुसरीकडे वळू नका. त्याच वेळी प्रत्येक लॉगच्या ओळीत ट्रेस आयडी छापायला लावा. पट्टीवरून थेट त्या क्षणाच्या लॉगवर जाता आलं, की ज्या टीम्सना ट्रेसिंग लावायला वेळ नव्हता त्या स्वतःहून विचारायला येतात.