जागा सरकारची, मग सभेला परवानगी कशाला?

प्रश्न : आमच्या गावातली जुनी वडाची झाडं रस्तारुंदीकरणात जाणार आहेत. त्याविरुद्ध चौकात सभा, एसटी स्थानकात पत्रकं आणि नगरपालिकेच्या आवारात धरणं, असं आम्ही ठरवलं आहे. तिन्ही जागा सरकारी, म्हणजे जनतेच्याच. मग परवानगी कशाला?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : मालक सरकार आहे एवढ्यावरून हक्क ठरत नाही. ती जागा कशासाठी राखली आहे, हे पाहिलं जातं.

चौकात तुमची बाजू सर्वांत भक्कम आहे. हिंमतलाल शहा खटल्यात (१९७२) सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, की रस्त्यावरच्या सभांचं नियमन करता येईल, पण सरसकट बंदी घालता येणार नाही. खटला अहमदाबादचा, कायदा मात्र आपलाच : १९५१चा मुंबई पोलीस अधिनियम, म्हणजे आजचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम. परवानगी कोणत्या कारणाने नाकारायची हे न सांगता सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम तिथे रद्द झाला. तरी रस्ता बेमुदत अडवून बसू नका. दिल्लीत रस्ता अडवून चाललेल्या शाहीनबाग आंदोलनाच्या प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केलं आहे.

नगरपालिकेचं आवार कामकाजासाठी आहे. रेल्वेच्या हद्दीत कामगारांनी घेतलेल्या सभांबाबत १९६९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाला : भाषणस्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत सभा घेण्याचा हक्क नव्हे, मग ती जागा सरकारची का असेना. तेव्हा धरणं फाटकाबाहेर, ये-जा मोकळी ठेवून धरा. निवेदन द्यायला मात्र चार-पाच जणांनी जरूर आत जावं. एसटी स्थानकात आगार व्यवस्थापकाची लेखी परवानगी घ्या. ती नाही मिळाली तर स्थानकाबाहेर उभं राहून पत्रकं वाटा. भिंतीवर चिकटवू नका, मालमत्ता विद्रूप केल्याचा वेगळाच गुन्हा ओढवेल.

अर्ज आदल्या रात्री नको, आठ-दहा दिवस आधी द्या. त्यात तारीख, वेळ, नेमकी जागा, अंदाजे संख्या आणि जबाबदार दोघांचे फोन लिहा. एक प्रत पोलीस ठाण्यात, एक नगरपालिकेत, आणि दोन्हीकडून सही-शिक्क्याची पोच. ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी वेगळी लागते, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रातही तो लावता येत नाही.

जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३)चा जमावबंदी आदेश लागू आहे का, हे ठाण्यात आधीच विचारा. असा आदेश शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून त्याची प्रत मागून तारखा तपासा.

तोंडी नकार मुळीच स्वीकारू नका. कारणांसह लेखी मागा. उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली दाद मागताना तोच कागद उपयोगी पडतो. म्हणूनही अर्ज लवकर द्यायचा. सभेची तारीख उलटल्यावर मिळालेल्या न्यायाने तुमचे वड वाचणार नाहीत.