रिबेकाचे दंगे आणि हतबल मॅजिस्ट्रेट

हाताशी घोडदळ होतं, दंगलीचा कायदा होता, तरी १८४३ मध्ये नैऋत्य वेल्सच्या मॅजिस्ट्रेटांना टोलनाके का वाचवता आले नाहीत, असं तुम्ही विचारलंय. त्यांना भित्रं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. ज्या वादात बंदोबस्त ठेवायचा, त्यात ते स्वतःच पक्षकार होते. खरी अडचण ती होती.

हे लोक बिनपगारी. बहुतेक जमीनदार, काही पाद्री. त्यांतले बरेच जण नाके चालवणाऱ्या ट्रस्टचेही विश्वस्त. शेतात टाकायला चुन्याची गाडी आणायची तर शेतकऱ्याला नाक्या-नाक्यावर पैसे मोजावे लागत, आणि दाद मागायची तीही याच साहेबांकडे! त्यातून साहेबांचं कामकाज इंग्रजीत, शेतकरी वेल्श बोलणारा. मग बायकांचे कपडे घातलेले, तोंडाला काळं फासलेले पुरुष रात्री नाके फोडू लागले. म्होरक्याला ‘रिबेका’ म्हणत, नाव बायबलमधलं.

टॅलोग या खेड्याचं प्रकरण बघा. जवळच्या कारमार्दन शहरातल्या वॉटर स्ट्रीट नाक्यावर टोल नाकारणाऱ्यांना दंड झाला, तोही त्यांनी भरला नाही. जून १८४३ मध्ये मॅजिस्ट्रेटांनी जप्तीची वॉरंटं देऊन स्पेशल कॉन्स्टेबल (तात्पुरते नेमलेले सामान्य नागरिक) आणि निवृत्त सैनिक पाठवले. जमावाने त्यांना गाठून पिस्तुलं आणि वॉरंटं काढून घेतली. चांगले शेतकरी कॉन्स्टेबल व्हायला तयारच नव्हते. शेजाऱ्यावर काठी कोण उगारणार?

फौज मागवता येई, पण तिच्या येण्याआधी नाका पडलेला असे आणि साक्ष द्यायला कुणी पुढे येत नसे. सप्टेंबरमध्ये हेन्डी नाक्यावर टोल गोळा करणारी, सत्तरी ओलांडलेली सारा विल्यम्स मारली गेली. डॉक्टरांनी गोळीच्या जखमा सांगितल्या, तरी ज्यूरीने मृत्यूचं कारण अज्ञात ठरवलं. रिबेकाच्या मागण्या रास्त मानणाऱ्यांनीही ही गोष्ट झाकू नये.

त्याच महिन्यात ६ तारखेला पॉन्टारड्युलाइसला मात्र डाव साधला. आधी खबर मिळाली होती. शेजारच्या ग्लॅमॉर्गन परगण्याचे पोलीसप्रमुख कॅप्टन नेपिअर आणि काही मॅजिस्ट्रेट पोलिसांसह दबा धरून बसले, आणि दंगेखोरांचा म्होरक्या जॉन ह्यूज पकडला गेला. फरक काय? ग्लॅमॉर्गनकडे १८४१ पासून पगारी पोलीस होते. कारमार्दनशायरला असं दल १८४३ मध्ये, दंगे भडकल्यावरच मिळालं. खटलाही ग्लॅमॉर्गनमधल्याच कार्डिफला चालवला. ह्यूजला २० वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

माझ्या मते नेपिअरच्या धाडीपेक्षा सरकारच्या चौकशी आयोगाने जास्त काम केलं. त्याच्या अहवालानंतर १८४४ च्या कायद्याने ट्रस्ट मोडून दर परगण्यात रस्तेमंडळं आली आणि चुन्यावरचा टोल निम्मा झाला.